गाडी उचल घेत नाहीं : निकालापूर्वीं पंचनामा करावा

कापूस वेचणीस आला कीं अल्लीपुराहून हिंगणघाटच्या बाजाराकडे भरलेल्या गाड्या निघूं लागतात. पूर्वीं हें काम बंडी व बैल करीत. बैल मंदावला तर धनी त्याचा खूर पाही, खांदा चाचपून पाही, वैरणपाणी नीट मिळालें कीं नाहीं याची चौकशी करी, आणि एवढें करूनही उमज न पडल्यासच जाणत्यास बोलावी. आज बंडीच्या जागीं डिझेलची मालवाहू गाडी आली आहे. परंतु ती मंदावली असतां तिचा धनी स्वतः कांहींच पाहत नाहीं. कोणी "टर्बो गेला" म्हणतो आणि आपण पैसे मोजतों. ही रीत सोडावी, हें सांगण्याकरितां आम्हीं आज लेखणी उचलली आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. शिक्षण मराठी शाळेचें. यंत्रशास्त्राचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु इतक्या वर्षांच्या चाकरींत एक गोष्ट अंगीं भिनली, ती ही कीं जागेवर जाऊन पंचनामा केल्यावांचून निकाल लिहूं नये. फेरफाराची नोंद असो कीं बांधाची तक्रार असो, ज्यानें मोका न पाहतां शेरा मारला त्यास पुढें मान खालीं घालावी लागली. हाच नियम गाडीसही लागू आहे, हें आम्ही अनुभवानें शिकलों.

गेल्या हंगामांत आमची गाडी उचल घेईना. रिकामी असतां बरी चाले. कापूस भरला कीं चढावर तिचा दम सुटे व मागें काळा धूर निघे. एका कारागिराकडे नेली. त्यानें बॉनेटही न उघडतां, एक फेरी मारून, टर्बो बदलावा लागेल व बेचाळीस हजार रुपये पडतील असें सांगितलें. तेवढी रक्कम घरांत होती. पण ती चण्याच्या बियाण्याची, खताची व मजुरीची होती. तरीही आम्ही होकार देणारच होतों. इतक्यांत आमचा पुतण्या, जो आय. टी. आय. झालेला आहे, म्हणाला, "काका, आधीं पाईप तर पाहूं द्या." तो गाडीखालीं शिरला. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप क्लिपेजवळ खालच्या अंगास बोटभर चिरलेला निघाला. भोंवतीं तेलकट धूळ चिकटलेली होती. नवा पाईप व क्लिप मिळून अकराशें रुपये लागले. मग एअर फिल्टर उघडला, तों त्यांत रुईचे तंतु व धूळ यांचा थर बसलेला. होळीपासून आम्हीं तो उघडलाच नव्हता. तेव्हां दोष एकट्या कारागिराचा नव्हता. निम्मा आमचा होता.

टर्बोचें काम काय, हें समजल्यास तपासणीचा क्रम आपोआप ध्यानांत येतो. रुडॉल्फ डिझेल यांचें एंजिन १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी झालें, आणि पुढें १९०५ सालीं स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनीं वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबून एंजिनांत भरण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. टर्बो तो हाच. एका दांड्याच्या दोन टोकांस दोन लहान चाकें असतात. एक चाक एंजिनांतून निघणाऱ्या धुरानें फिरतें. दुसरें बाहेरची हवा ओढून दाबतें. भाराखालीं हीं चाकें मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतात. दाबल्यानें हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमध्यें निववून एंजिनास देतात. हवा अधिक, तर डिझेलही अधिक जाळतां येतें, आणि लहान एंजिन मोठा भार ओढतें. यावरून स्पष्ट होईल कीं हवा आंत येण्याच्या, दाबली जाण्याच्या व धूर बाहेर जाण्याच्या वाटेंत कोठेंही अडथळा वा गळती झाली तर दाब कमी पडेल. टर्बो ही त्या वाटेवरची एक चौकी आहे. सगळी वाट नव्हे.

आतां पंचनाम्याचा क्रम सांगतों. प्रथम दोष एंजिनाचाच आहे काय हें ठरवावें. एंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढें सरकत नाहीं, तर क्लच घसरत आहे. कांहीं मैल चालवून थांबल्यावर एकाच चाकाजवळ विशेष ऊब लागली, तर ब्रेक धरून राहिला आहे. चाकांत हवा कमी असणें व भार मर्यादेबाहेर असणें हींही कारणें आहेत, आणि दुसरें कारण आपण शेतकरी सहसा कबूल करीत नाहीं.

त्यानंतर धूर पाहावा. जोर नाहीं आणि धूर काळा, तर डिझेलच्या मानानें हवा कमी पडत आहे. जोर नाहीं आणि धूरही नाहीं, तर बहुधा डिझेलच कमी पोंचत आहे. अशा वेळीं डिझेल फिल्टर व त्यांत सांठलेलें पाणी पाहावें. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. मात्र अलीकडील गाड्यांत संगणक असतो. दाब कमी दिसतांच तो स्वतःच डिझेल आंखडता घेतो व एंजिनास जपतो. म्हणून त्या गाड्यांत धूर न दिसतांही हवेचा दोष असूं शकतो.

मग हवेच्या वाटेनें चालावें. एअर फिल्टर उघडून पाहावा. तो जमिनीवर आपटूं नये, व जोराची हवा बाहेरून आंत मारूं नये. कागद फाटला तर धूळ थेट टर्बोच्या चाकावर जाते. जिनिंगच्या आवारांत गाडी तासन् तास उभी राहते, तेथील तंतु फिल्टरवर बसतात. यास्तव आपल्या भागांत पुस्तकांत दिलेल्या मुदतीपूर्वींच फिल्टर पाहणें हिताचें. पुढें प्रत्येक पाईप व क्लिप हातानें चाचपावी, अर्थात् एंजिन बंद व थंड असतां. पाईपाच्या आंत तेलाचा पातळ लेप असणें नवलाचें नाहीं. परंतु बाहेर तेलकट धूळ एकाच जागीं जमली असेल तर तेथें गळती समजावी. एंजिन जागेवर मंद चालत असतां दाब फारसा नसतो, म्हणून चीर तेव्हां बोलत नाहीं. भाराखालीं सूं असा आवाज येतो. संशय राहिल्यास कारागिराकडून वाट बंद करवून हलका दाब भरवावा व साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे साक्ष देतात.

पाईप ठीक असतील तर दाब आंवरणाऱ्या दांडीकडे पाहावें. पुष्कळ गाड्यांत ही दांडी निर्वाताच्या बारीक नळीवर चालते. एंजिन सुरू केल्यावर ती ओढली जाते व बंद केल्यावर परत येते. हलत नसेल तर नळी फुटली आहे कीं सांधा काजळीनें अडकला आहे हें पाहावें. काडीएवढी नळी फुटली असतां संपूर्ण टर्बो बदलल्याचें आमच्या ऐकण्यांत आहे. धुराचा कांहीं भाग परत एंजिनांत फिरविणारी झडप उघडी अडकली, किंवा १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत काजळी धरणारी जाळी तुंबली, तरी गाडी अशीच मंदावते.

स्कॅनर लावल्यावर पी ०२९९ हा अंक आला कीं कित्येक कारागीर त्याचा अर्थ "टर्बो खराब" असा सांगतात. तो अर्थ चुकीचा आहे. दाब अपेक्षेहून कमी पडला, एवढेंच तो अंक सांगतो. कां पडला हें सांगत नाहीं. ती फिर्याद आहे, निकाल नव्हे.

एवढें पाहून झाल्यावर खुद्द टर्बोची पाळी. बंद व थंड एंजिनावर हवेचा पाईप काढून चाक बोटानें फिरवावें. दांडा आडवा किंचित् हलणें चालतें. पण मागेंपुढें हललेला जाणवूं लागला, पातीं कवचास घासलीं किंवा तुटलीं असलीं, तर टर्बो खरोखर गेला. तसें असेल तर पैसे खर्चण्यास कचरूं नये. तुटलेलें पातें एंजिनांत गेल्यास नुकसान फार मोठें होतें. मात्र तो कां गेला हें विचारल्यावांचून नवा बसवूं नये. त्यास तेल पोंचविणारी नळी तुंबली असेल, वा तेल मुदतीबाहेर वापरलें असेल, तर नवाही त्याच वाटेनें जाईल. भार ओढून आल्यावर एंजिन मिनिटभर मंद चालवून मग बंद करावें, ही संवय फुकटची आहे.

यावर कोणी म्हणेल कीं हंगामाच्या घाईंत एवढें पाहण्यास सवड कोणास आहे? बाजाराचा भाव रोज हलतो, गाडी एक दिवस उभी राहिली तरी तोटा. हें म्हणणें खोटें नाहीं. आम्ही स्वतः याच घाईनें बेचाळीस हजारांस होकार देत होतों. पण वर सांगितलेल्या तपासणीस बहुतेक वेळां अर्धा दिवसही पुरतो, आणि चीर गेलेल्या पाईपावर नवा टर्बो बसविला तर गाडी पूर्वीसारखीच मंद राहते. मग दिवसही जातो व रक्कमही जाते.

सर्वच कारागीर अप्रामाणिक आहेत, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पाहण्याची मजुरी देण्यास आपण कां कूं करतों आणि भाग बदलल्याचे पैसे मुकाट्यानें देतों. मग त्यानें पाहावें तरी कशाकरितां? तपासणीची मजुरी वेगळी व राजीखुषीनें द्यावी, काय पाहिलें व काय आढळलें हें कागदावर मागावें, आणि बदललेला जुना भाग परत घ्यावा. घरीं एक वही ठेवून तेल, फिल्टर व दुरुस्ती यांची तारीखवार नोंद करावी. आपल्या मंडळानेंही एक स्कॅनर व एक दाबमापक विकत घेऊन ठेवावें आणि गांवांतील आय. टी. आय. झालेल्या एका तरुणाच्या स्वाधीन करावें. नांगर व फवारणीचा पंप जसा सामाईक असूं शकतो, तसें हेंही सामाईक असावें. पुढील वेचणीपूर्वीं हें झालें, तर एखाद्या सभासदाचे बियाण्याचे पैसे बियाण्यासच लागतील.