विश्लेषण : सायलेन्सरजवळचा बंपर पिवळा पडला? आधी पाइप पाहा, मग पॉलिश

पांढऱ्या गाडीच्या मागे उभे राहिले की अनेकदा एक खूण दिसते. सायलेन्सरच्या तोंडाच्या बरोबर वर, बंपरवर पिवळसर किंवा तपकिरी पट्टा उमटलेला असतो. मालक गाडी डिटेलिंगच्या दुकानात नेतो, रबिंग-पॉलिश होते, वर सिरॅमिक कोटिंगचेही बिल होते आणि काही महिन्यांत डाग परत येतो. इलाज बंपरवर होतो, दुखणे मात्र पाइपमध्ये असते. हा डाग केवळ दिसण्याचा प्रश्न मानणे ही मालकाची आणि दुकानदाराची, दोघांचीही चूक आहे. काही गाड्यांत तो आत बसणाऱ्यांच्या जिवाशी निगडित असतो.

बंपरचा रंग का बदलतो?

आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या मिश्रणाचे असतात. हे प्लास्टिक साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळते; पण त्याच्या बरेच आधी ते मऊ होऊन वाकू लागते. इंजिनातून बाहेर पडणारा धूर काही शे अंश तापलेला असतो. लांब पाइप आणि सायलेन्सरमधून येताना तो निवतो, तरी घाटात किंवा भरल्या गाडीत टोकाशीही तो चांगलाच गरम राहतो. गाडी वेगात असताना वारा ही उष्णता वाहून नेतो. वाहतूक कोंडीत एसी लावून गाडी उभी राहिली की ती बंपरखालीच साचते.

त्यात काजळीची भर पडते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर मागच्या बाजूला ओढला जातो. तेलकट काजळी तापलेल्या रंगावर बसते आणि वेळीच धुतली नाही तर भाजून पक्की होते. सीएनजी गाडीत काजळी नगण्य असते. पण उष्णता असतेच. त्यामुळे तिथे डाग दिसला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे नाही.

दोष बंपरचा की पाइपचा?

कंपनीतून निघताना पाइप आणि बंपर यांच्यात पुरेशी जागा ठेवलेली असते. ती नंतर कमी होते. पहिले कारण म्हणजे सायलेन्सरला टांगून धरणारी रबरे. ती कालांतराने कडक होतात, ताणतात, तुटतात. उंच गतिरोधकावर किंवा खड्ड्यात पाइप आपटला की तो वर किंवा बाजूला सरकतो. दुसरे कारण हौसेचे. मूळ पाइपवर स्क्रूने आवळलेली चकचकीत टीप जाडीने मोठी असते, म्हणून ती बंपरच्या जवळ येते. ती बंपरच्या कडेपेक्षा आखूड पडली तर सगळा गरम धूर बंपरच्या खालीच पसरतो. तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे गंजलेल्या सायलेन्सरमधून किंवा सैल जोडातून होणारी गळती. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत सायलेन्सरमधले पाणी सुकत नाही आणि तो आतून गंजतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तो बाहेरूनही गंजतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक बाब आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर हे निकष लागू झाले. या गाड्यांतील फिल्टर साचलेली काजळी अधूनमधून स्वतःच जाळतो आणि तेव्हा त्याच्या आतले तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत जाते. अशा वेळी पाइपचे तोंड भिंतीला टेकवून किंवा वाळक्या गवतावर गाडी चालू ठेवणे धोक्याचे असते.

यात जिवाचा धोका कोणता?

अनेक गाड्यांत केबिनमधली हवा बाहेर जाण्याची झडप मागच्या बंपरच्या आडच असते. बंपरखाली गळणारा धूर तिथून, डिकीच्या फाटक्या रबरातून किंवा वायरसाठी पाडलेल्या छिद्रातून आत येऊ शकतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि चालकाला वाटते की प्रवासाचा शीण आहे.

अमेरिकेतील ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी २०१७ मध्ये याच भीतीने सुमारे ४०० एसयूव्ही गस्तीतून काढून घेतल्या होत्या. पोलिसी उपकरणे बसवताना मागच्या बाजूला पाडलेली आणि नीट न बुजवलेली छिद्रे, असे कारण तेव्हा उत्पादक कंपनीने दिले होते. आपल्याकडे फ्रिज किंवा कपाट घालून डिकी अर्धी उघडी ठेवत गाडी नेणे सर्रास चालते. तोही धूर आत ओढून घेण्याचाच मार्ग आहे.

कोटिंग आणि फिल्मचा उपयोग किती?

सिरॅमिक कोटिंगमुळे काजळी लवकर धुऊन निघते, एवढाच त्याचा फायदा. ते उष्णता अडवत नाही. रंगावर लावायची पारदर्शक फिल्म ओरखड्यांसाठी आहे. सतत गरम धूर लागला तर ती स्वतःच पिवळी पडू शकते. बंपर वाचेल या आशेने यावर हजारो रुपये घालवण्यापेक्षा रबरे बदलणे कितीतरी स्वस्त आहे.

मग करायचे काय?

क्रम महत्त्वाचा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना पाइप हाताने हलवून पाहावा; तो बंपरला टेकत असेल तर रबरे बदलावीत. जोडलेली टीप काढून महिनाभर फरक पाहावा. गाडी लिफ्टवर चढवून सांध्यांभोवती काळे डाग आहेत का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. मागून फडफड असा आवाज येत असेल तर तपासणी लांबवू नये.

पाइप जागेवर आल्यानंतरच बंपरकडे वळावे. बंपरच्या आतल्या बाजूने ॲल्युमिनियमचे उष्णतारोधक पत्रे किंवा टेप लावता येतात. पण पाइपपासून मोकळी जागा राहिली तरच त्यांचा उपयोग होतो. ताजी काजळी शाम्पूने निघते, जुनी पॉलिशने. रंगाला फोड आले असतील किंवा प्लास्टिक वाकले असेल तर पुन्हा रंगवण्याला किंवा बंपर बदलण्याला पर्याय नाही.

नियम काय म्हणतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११३ नुसार धुराचा पाइप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावा. नियम ११४ प्रवासी वाहतुकीच्या वाहनांत जळाऊ वस्तूंपासून पाइप सुरक्षित ठेवायला सांगतो. खासगी गाडीचा पाइप आणि बंपर यांतील अंतर मात्र कंपनीच्या रचनेवर सोडलेले आहे. म्हणूनच ती रचना आवाजाच्या किंवा दिखाव्याच्या हौसेपायी बिघडवू नये. आवाज वाढवणारा सायलेन्सर बसवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार दंडही होतो.

पीयूसी काढताना यंत्राची नळी पाइपच्या तोंडात घातली जाते. टोकातून निघणारा धूर मर्यादेत आहे, एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. सगळा धूर टोकातूनच निघतो आहे का, हे सांगत नाही. पीयूसी केंद्रावर थांबलेच आहे, तर मालकाने खाली वाकून पाइप, रबरे आणि बंपरची आतली बाजू पाहून घ्यावी. त्याला एक मिनिटही लागत नाही.