खुर्च्या छताला टांगणारी बाई

पाहुण्याला बसायला खुर्ची द्यायची की नाही, हे ठरवायची चित्रकार एमिली कारची रीत न्यारीच होती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया शहरातल्या तिच्या स्टुडिओत खुर्च्या दोर-कप्पीने छताला टांगलेल्या असत. पाहुणा मनास आला तर खुर्ची खाली. नाहीतर राहा उभे! बाजारहाटाला निघायची ती बाबागाडी ढकलत. सोबत कुत्र्यांचं लटांबर आणि ‘वू’ नावाची माकडीण, बाईंनीच शिवलेला झगा घातलेली. गावाने तिला चक्रम ठरवलं, यात नवल ते काय?

मला मात्र या चक्रमपणात चोख हिशेब दिसतो. १८७१ साली जन्मलेली एमिली सॅन फ्रान्सिस्को, लंडन आणि पॅरिसला चित्रकला शिकली. मूळनिवासींच्या दूरदूरच्या वस्त्यांत जाऊन तिने तिथल्या कोरीव टोटेम खांबांची चित्रं काढली. चित्रं खपेनात, तेव्हा १९१३ मध्ये घर बांधून खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरूंच्या कटकटी, भट्टीत कोळसा भरणं, कुत्र्यांची पिल्लं विकणं, यात पंधराएक वर्षं ब्रश जवळजवळ कोरडाच राहिला. पर्यटकांसाठी मातीची भांडी करून त्यांवर ती मूळनिवासींची चिन्हंही काढी. त्याची तिची तिलाच लाज वाटे.

१९२७ मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात तिची चित्रं लागली, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. मग ती जंगलाकडे वळली. कॅनव्हास महाग, म्हणून साधा मनिला कागद. तैलरंग पेट्रोल घालून पातळ केलेला. रंग सरसर फिरे, झटकन वाळे. उपाय काटकसरीचा, पण त्यातूनच तिच्या झाडांत वारा शिरला. १९३५ च्या एका चित्रात तोडून उजाड केलेल्या रानात एकच काटकुळं झाड उभं आहे, शेंड्याला जेमतेम तुराभर पानं. लाकूडवाल्यांनी ते कुचकामी म्हणून सोडलेलं. भोवतालचं आभाळ मात्र त्याच्याभोवतीच फेर धरतं.

१९३७ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तर बाई लिहायला बसल्या. ‘क्ली विक’ या १९४१ च्या पुस्तकाला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. १९४५ मध्ये ती गेली.

थोर चित्रकारांच्या घरात बहुधा एक माणूस असतं: भाड्याचा, कोळशाचा हिशेब ठेवणारं, दारातल्या आगंतुकाला ‘कामात आहेत’ म्हणून वाटेला लावणारं. त्याला बायको म्हणतात. एमिलीकडे ती नव्हती. ते काम तिने स्वतःच केलं, आणि लोकांनी त्यालाच तऱ्हेवाईकपणा म्हटलं.