कुत्र्याला गडावर नेताना

पावसाळा सरला की सह्याद्रीत तंबू लागतात आणि हल्ली त्यांच्याबाहेर घरचं कुत्रंही बांधलेलं दिसतं. ‘आमच्याला नेऊ का?’ असं वाचक वारंवार विचारतात, म्हणून हा अंक.

भटकंतीची हौस आम्हालाही आहे. तरी इथे गोंडस फोटोंपेक्षा अडचणींना जास्त जागा दिली आहे. दुपारच्या कातळावर पंजे भाजतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून गार होतं. म्हणून त्याच्या वाट्याचं पाणी वेगळं घ्यायचं. रात्रीचा प्रश्न अधिक गंभीर. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात, वजनाच्या हिशेबाने, 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हा त्याला तंबूच्या आतच झोपवा. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड तर अभयारण्यात येतात. तिथे जाताना त्याला घरीच ठेवावं, हे आमचं स्पष्ट मत. (वाडीतली कुत्री आपणहून वर येतात, ती गोष्ट वेगळी.)

लसीकरण, गोचिडी आणि पायथ्याच्या गावातल्या शेळ्या-कोंबड्या यांवरही लेख आहेत. तुमचे अनुभव, विशेषतः फसलेल्या सहलींचे, जरूर कळवा.