रुग्णाचे उत्तर रुग्णानेच द्यावे

रक्तातील साखर किती, रक्तदाब किती, हे यंत्र सांगते. परंतु जिना चढताना कितीदा थांबावे लागते, रात्री झोप का मोडते, मनाला कोणती धास्ती लागली आहे, हे केवळ रुग्णच जाणतो. ही माहिती पद्धतशीर नोंदवता यावी, म्हणून वैद्यकशास्त्राने प्रश्नावल्या सिद्ध केल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या प्रश्नावलीत शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर अशी चार अंगे विचारात घेतली जातात. अमेरिकेत तयार झालेल्या ‘एसएफ-३६’मध्ये ३६ प्रश्न असून गुण आठ सदरांत मांडले जातात. युरोपीय संशोधकांची ‘ईक्यू-५डी’ सर्वांत सुटसुटीत. हिंडणे-फिरणे, स्वतःची निगा, नित्याचे व्यवहार, वेदना आणि चिंता वा उदासी या पाचच बाबी तीत आहेत. शेवटी ० ते १०० च्या पट्टीवर रुग्ण आपले आजचे आरोग्य दर्शवतो.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००९ पासून खुबा व गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि काही महिन्यांनंतर रुग्णांकडून अशी प्रश्नावली भरून घेतली जाऊ लागली. व्यापाऱ्याला यातील मर्म सांगावे लागणार नाही. आरंभीची शिल्लकच खरी लिहिली नसेल, तर अखेरीस नफा झाला की तोटा, हे कसे कळणार?

अडचण येते ती घरातूनच. पेढीवर आयुष्य घालवलेले वडीलधारे मुलांना खर्च व धावपळ नको म्हणून ‘ठीक आहे’ एवढेच सांगतात. शेजारी बसलेला मुलगा घाईने खुणा करून कागद परत देतो. चालणे, आंघोळ अशा दिसणाऱ्या गोष्टींबाबत नातलगांचा अंदाज बराचसा जुळतो; वेदना आणि उदासी यांबाबत तो पुष्कळदा चुकतो. मग गुडघ्याची कळ आणि एकटेपणाची सल डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून घरच्यांनी प्रश्न सावकाश वाचून दाखवावा, उत्तर सुचवू नये. मराठी प्रत उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे. प्रश्न आजच्या दिवसाविषयी आहे, दोन आठवड्यांविषयी की चार, हेही समजावून द्यावे. अशा प्रश्नावलीने रोगाचे निदान होत नाही आणि तीत कोणी नापासही होत नाही. वडीलधाऱ्यांना मुलांसमोर बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर त्यांना थोडा वेळ डॉक्टरांजवळ एकटे सोडावे.