मॉडरेट? मग जपून!

शिकागो किंवा डॅलसला प्रोजेक्टवर निघालात? तर तिथल्या हवामानखात्याची भाषा आधी शिकून घ्या. कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, सरकत आली की पुढची गरम, दमट हवा वर ढकलली जाते आणि गडगडाट सुरू! वादळाच्या अंदाजाच्या पायऱ्या 5: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. गंमत बघा, 'मॉडरेट' चक्क चौथी! आणि 'स्लाइट'लाही हसू नका. 10 ऑगस्ट 2020ला आयोवात सकाळच्या अंदाजात धोका खालच्याच पायरीवर होता. दुपारी सीडर रॅपिड्स भागात वाऱ्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर गेल्याचा अंदाज आहे. 'वॉच' आला की मोबाइल चार्ज करून ठेवा. 'वॉर्निंग' आली की खिडकीतून फोटोबिटो नको, थेट बेसमेंट गाठा.