दाढदुखी आणि बुडणारी मजुरी

आपल्याकडे दाढ ठणकायला लागली की माणूस काय करतो? आधी लवंग, मग तंबाखूची चिमूट, मग मेडिकलवरची गोळी. दवाखाना सर्वांत शेवटी. शहरातली मंडळी याला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. पण जरा हिशेब मांडून बघा.

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहणारा मजूर घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटतो, पण दातांचा डॉक्टर तिथे सहसा नसतो. शिरपूरहून धुळे सुमारे ५० किलोमीटर, आणि शिरपूर गाठायचे ते वेगळेच. मुळापर्यंत किडलेली दाढ वाचवायची तर दोन-तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. बाईमाणूस असेल तर सोबत कुणीतरी लागते, म्हणजे दोन मजुऱ्या गेल्या. मग तो म्हणतो, काढूनच टाका साहेब! पैसेवाल्याची दाढ भरली जाते, मजुराची निघते. चाळिशीत भाकरी चावता येत नाही अशी माणसे आपण रोज पाहतो.

आता तंबाखूचे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरतात असे आढळले, म्हणजे जवळजवळ चारात एक. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या बाया पहाटे मशेरी लावतात, कारण त्याने भूक मरते आणि काम रेटता येते. त्यांना नुसते ‘सोडा’ म्हणून काय उपयोग? राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि गुजरातेतही त्याच वर्षी गुटख्यावर बंदी आली. तरी सीमेवर माल पकडल्याच्या बातम्या येतच असतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा २००३ चा कायदा आहे. टपरी कुणाची आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, आणि म्हणूनच कुणी बोलत नाही.

सुपारीने गालाची आतली कातडी आवळत जाते, तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून दातांमधून आत जात नसतील, तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर वाट पाहू नका. दुखत नाही म्हणून बहुतेक जण थांबतात आणि तिथेच घात होतो. कर्करोग सुरुवातीला सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ. उशिरा सापडला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किरणोपचार होतात खरे, पण नाशिक-मुंबईला सोबत राहणाऱ्याची मजुरी कोण देणार?

तपासणीची सोय मात्र कागदावर गावातच आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताईंनी भरायचा आणि उपकेंद्रात तोंड तपासायचे, असा कार्यक्रम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्यात मुलांचे दातही पाहतात. अडचण आहे ती तारखेची. साक्री-चाळीसगावकडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीला गाव सोडतात, काही गुजरातेत जातात, लेकरेही सोबत. पथक त्यानंतर आले तर ज्यांना सर्वांत गरज, नेमके तेच गावात नसतात. हजेरीपत्रकावर ‘तपासणी पूर्ण’ असे लिहिले जाते.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी आशाताईंकडून घ्यावी, आणि पोळा ते दसरा या काळात त्यांची तपासणी आधी व्हावी, असा ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावा. तपासणी आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवली तर मजुरी बुडत नाही. आणि एक करा. फॉर्म तिशीपुढचा असला तरी पुडी खाणारी विशी-बाविशीची पोरेही त्या रांगेत उभी करा. तोंड बघायला एक बॅटरी आणि दोन मिनिटे लागतात.