आधी निचऱ्याला वाट

चोपण जमिनीचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते जिप्समचे. माती परीक्षणाचा अहवाल समोर असतो, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो आणि एकरी मात्रा लिहून दिली जाते. धुतलेले क्षार कुठे जाणार, हे त्या कागदावर सहसा नसते. ते पहिल्या ओळीत असायला हवे, असे आमचे ठाम मत आहे.

ही दुखणी जुनी आहेत. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांना सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. मोकाट पाण्याने भूजल वर येते, काळी माती ते केशाकर्षणाने आणखी वर ओढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर फुलतात.

यातली नुसती खारवट जमीन धुणे तुलनेने सोपे. तिथले क्षार पाण्यात विरघळतात. एक फूट मातीतून एक फूट पाणी खाली उतरले तर ढोबळमानाने ८० टक्के क्षार निघून जातात. पाणी एकदम तुंबवून ठेवण्यापेक्षा थांबून थांबून दिले तर कमी पाण्यात तेच काम होते. चोपण जमिनीत मात्र सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसलेला असतो. तिथे नुसते पाणी सोडले की मोकळे क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो, कण विस्कटतात, छिद्रे बुजतात आणि जमीन आधीपेक्षा घट्ट होते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवते व सोडियम सल्फेट तयार होते. ते विरघळते खरे, पण खाली वाट नसेल तर मुळांच्या कक्षेतच राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येते. शेतकऱ्याचा पैसा मातीत जातो आणि तो जिप्समला दोष देतो.

म्हणून क्रम असा: आधी चर किंवा सच्छिद्र पाइप, मग जिप्सम, मग पाणी. चुनखडीयुक्त जमिनीत जिप्समऐवजी गंधकही चालते; जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि मातीतलाच चुना विरघळून कॅल्शियम मोकळे होते. मात्र याला वेळ लागतो.

निचरा सुरू झाल्यावर सल्लागाराचे काम संपत नाही. पाइपला सोडियम आणि नत्र यांतला फरक कळत नाही. युरियापासून बनलेला अमोनियम धनभारित असल्याने मातीच्या कणांवर टिकतो, पण त्याचे नायट्रेट झाले की त्याला धरणारे जवळपास काही उरत नाही. धुणी चालू असताना युरियाचा मोठा हप्ता देणे म्हणजे तो नाल्यात ओतणे होय. निचरा झालेल्या शेतात नत्राचे हप्ते वाढवा, प्रत्येक हप्त्याची मात्रा कमी करा आणि ती धुणी आटोपल्यावर, वाफशावर द्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे; आपण सोडलेले पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरू शकते.

एकट्याच्या शेतातला पाइप शेजाऱ्याच्या बांधाशी अडतो. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याची कामे केली ती याच कारणाने. शिफारस लिहिण्याआधी त्या शिवाराचा नाला चालत पाहून या, आणि तो बुजलेला असेल तर जिप्समची मात्रा लिहू नका.